सृष्टीचं मशीन

"माझ्याकडं हाय एक."

मेडिकलच्या काउंटरवरचं सगळं बोलणं थांबलं. श्रद्धाने वळून पाहिलं. मागे खोकल्याच्या औषधाची बाटली धरून तिशीतला एक माणूस उभा होता. डोळ्यांवर चष्मा, बाहीवर खडूची पूड. आणि श्रद्धाने मागितलं काय होतं? आईचं दूध काढायचं मशीन!

"तुमच्याकडं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे… घरी हाय, झरीला. जुनं हाय, पण चालतंय." त्याचे कान लालबुंद झाले होते. "मी सारंग. तिथं शाळेत गणित शिकवतो."

श्रद्धाच्या वहिनीचं, राजेश्रीचं बाळ दिवस भरायच्या आधीच आलं होतं. दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, ओढून प्यायची ताकद नव्हती. हाताने दाबायच्या पंपाने वहिनीला नुसत्या कळा यायच्या आणि विजेवरचं मशीन परभणीत यायला आठवडा लागणार होता. तोवर लेकराने काय करायचं? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. श्रद्धाने भावाला फोन करून मास्तरांचं नाव-गाव सांगितलं आणि त्यांच्या मोटारसायकलमागे स्कूटी घातली.

घर गावाबाहेर, तुरीच्या शेताला लागून होतं. दिवेलागणीची वेळ होत आली होती. सारंगने कुलूप काढलं, आणि आतून आवाज आला. घर्र — फुस्… घर्र — फुस्… लेकरू चोखतं तशा सावकाश लयीत.

"कुणी आहे घरात?"

"न्हाई," तो म्हणाला आणि त्याने कपाट उघडलं. आवाज थांबला. वरच्या फळीवर मशीन होतं. वायर गुंडाळलेली, सेल काढून शेजारी ठेवलेले.

श्रद्धाच्या अंगावर सर्रकन काटा आला. "मग हे… चालू कसं होतं?"

"रोज ह्याच वेळेला व्हतंय." पाढा म्हणावा तितक्या शांतपणे तो बोलला. "माझ्या बायकोचं हाय, सृष्टीचं. बारसं व्हायच्या आतच ती गेली. मागोमाग लेकरू. तुमाला भ्या वाटत असंल तर नका नेऊ."

भीती वाटत होतीच, लय वाटत होती. पण पेटीतला तो मुठीएवढा जीव डोळ्यांसमोरून हलेना. तिने हात पुढे केले.

"मोटर तेवढी जुनी वापरा. कप, नळ्या, रबर सगळं नवं घ्या, उकळून. आन्… काम झालं की परत आणून द्या." मशीन देताना त्याची बोटं काही सुटेनात. ती गार पडली होती. त्या गार बोटांचा स्पर्श परभणी येईपर्यंत श्रद्धाच्या हातावर राहिला.

दवाखान्यात वहिनीने मशीन लावलं आणि वॉर्डात ओवा-शेपाच्या धुरीचा वास पसरला. नर्सबाई शेगडी कुणी पेटवली म्हणून खाटांखाली वाकून पाहू लागली. वहिनीचे डोळे मात्र सुखाने मिटले होते.

"श्रद्धा, फिरव की अजून पाठीवरून हात. बरं वाटायलंय."

श्रद्धा दाराशी उभी होती, रिकामी बाटली घेऊन. तिने वहिनीला तसंच वाटू दिलं. बाळंतपणात गेलेल्या बाईची वस्तू आहे हे घरी कळलं असतं, तर आईने ती उंबऱ्याबाहेर भिरकावली असती. आणि दूध तर धार लागून येत होतं.

बाळ बाळसं धरू लागलं आणि श्रद्धाच्या झरीच्या फेऱ्या वाढल्या.

"आज काय झालं मशीनला?"

"वायर सैल वाटतेय."

"परवा बटन सैल व्हतं."

"जुनं आहे ना सर… एकेक सैल व्हायलंय."

"मग मशीन कुठंय?"

"…विसरले."

तो हसला, की गालावर खळी पडायची. चहात साखर जरा जास्तच घालायचा. पण दिवेलागण झाली की बोलता बोलता त्याचे कान रिकाम्या कपाटाकडे लागायचे. श्रद्धाला त्या मेलेल्या बाईचा हेवा वाटायचा, आणि मग त्या हेव्याची लाज वाटायची.

"अशी बाळंतीण गेली की आमच्याकडं वाटंवर राळे टाकतात," एका संध्याकाळी तो म्हणाला. "दाणा न् दाणा वेचल्याबिगर तिला घरी येता येत न्हाई. वेचता वेचता उजाडतं आन् ती माघारी जाती. पण त्याच राती मी ते राळे झाडून काढले. तिनं यावं म्हणून… एकदा तरी."

श्रद्धाचा चहा निवून गेला.

शेवटी बाळ घरी आलं, स्वतः ओढून पिऊ लागलं. मशीन मोडलं म्हणून सांगावं, असं श्रद्धाच्या मनात येऊन गेलं. ते परत गेलं की सृष्टीही परत जाणार, मग त्या घरात आपल्याला जागा कुठली? पण शब्द दिला होता. झरीच्या वाटेवर डिकीतून आवाज सुरू झाला. घर्र — फुस्… तिने स्कूटी थांबवली नाही.

दारात तिने पिशवी पुढे केली. "घ्या तुमचं."

सारंगने हात पुढे केला नाही. "वॉर्डात अजून लेकरं असतील की."

"कालच एक आलंय, बोरी गावचं. त्याच्या आईलाही पान्हा नाही."

"मग तिकडं द्या."

"ते परत नाही यायचं मग. आणि… त्या पण."

"ती माझ्यासाठी येतच नव्हती." त्याचा आवाज चिरकला. "वाट मी मोकळी केली, आन् ती आली लेकराच्या दुधासाठी. इतकी वर्षं मी कपाटापुढं बसून राहिलो. माझ्याकडं तिनं एकदाबी बघितलं न्हाई."

पिशवीतला आवाज वाढला, कुणीतरी घाईला आल्यासारखा. श्रद्धाला या वेळी भीती वाटली नाही.

"मी बघायलेय की," ती म्हणाली.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग दाराला कुलूप लावलं.

"चल," तो म्हणाला, "बोरीचं लेकरू उपाशी असंल."