कोणाची वं तू?

त्या दिवशी शेजारची मोनाली लॅपटॉप पोटाशी धरून आली. काही उघडलेलं नसतानाही तो तव्यासारखा तापतो, पंखा घुरघुरतो, ही तिची तक्रार. कॉम्प्युटर मी कोणाच्या हाताखाली शिकले नाही. बिघडवला, उघडला, जोडला, तसा आला. सगळी कोराडी आता माझ्याच दारात येते, आणि मला त्याचा गर्व आहे.

तिला सांगितलं, पडद्यामागे पुष्कळ कामं आपोआप चालू असतात. दिसत नाहीत, पण थांबली तर मशीन बसेल. चोर प्रोग्रॅम त्यांचंच नाव घेऊन त्यांच्यात शिरतो. म्हणून नावावर जाऊ नये. दारात आलेल्या अनोळखी बाईला विचारतो तेच विचारायचं. नाव काय, घर कुठलं, कोणाची वं तू?

चालू कामांच्या यादीत विंडोजच्या एकाच सरकारी नावाची डझनभर कामं होती. एकाचं नाव अगदी बरोबर, पण घर भलतंच. बाकीची विंडोजच्या फोल्डरमधली, हे मोनालीनं फुकट उतरवलेल्या गेममधलं. बंद केलं, तर पुन्हा उभं. त्याला सुरू करणारा तो गेमच होता. गेम काढला तेव्हा कुठे पंखा शांत झाला.

तरी पंखा झिजला होताच. दुसऱ्या दिवशी नवा आणायला मी सीताबर्डीच्या बाजारात गेले. घरी गोपाळराव, माझे यजमान, एकटेच. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली. त्यात महिनाभर रोज दुपारी ताप. रिपोर्ट सगळे चांगले, आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललेला. मी मनातून हादरले होते.

संध्याकाळी परतले. हवेत वीज केंद्राच्या राखेचा तो नेहमीचा वास. कुलूप माझ्याच किल्लीनं उघडलं. आत खोबरेल तेल दरवळत होतं, आणि गोपाळराव खाटेवर भांग पाडून बसलेले.

"बाहेरून कुठून आली वं? आता तं माह्या डोक्याले तेल लावून राहिली होती…"

मी हात लावला. केस तेलानं ओले. खाली कपाळ तव्यासारखं.

काही उघडलेलं नाही, तरी तापतंय.

दुसऱ्या दुपारी मी पिशवी घेतली, दार मुद्दाम जोरात ओढलं, आणि मागून येऊन खिडकीच्या जाळीशी उभी राहिले. घर निवांत होतं. फक्त फ्रिजची घरघर. मग आतून माझाच आवाज आला.

"अजी…"

"ओ," गोपाळराव म्हणाले.

जाळीतून मला फक्त हात दिसला. माझा हात, मनगटावरच्या भाजल्याच्या डागासकट. तो त्यांच्या केसांतून फिरत होता, आणि खरं लिहिते, माझ्यापेक्षा हळुवार फिरत होता.

मी जाळीतूनच विचारलं, "नाव काय?"

"मीरा." माझंच नाव.

"घर?"

"हेच…"

"कोणाची वं तू?"

हात थांबला. मग अगदी हळू उत्तर आलं. "यांची."

इथं ती चुकली. मी बापाचं नाव सांगितलं असतं. एवढा संसार केला, पण मी नवऱ्याची आहे असं कोणाला म्हणू दिलं नाही. तिला सुरू करणारे हेच होते तर, त्या गेमसारखे. धावत आत गेले. खाटेवर ते एकटे. तेलाची वाटी अजून कोमट.

मी रागावलेच. "मी नसली की मले आवाज काहून देता जी? तुमी बोलावता, ती येते, अन् तुमचंच रक्त आटवते."

ते हसले. "मी कुठं बोलावतो? तूच हाक मारते. मी तं फक्त ओ देतो…"

"मंग देऊ नका."

"तुह्या हाकेले ओ नाही देऊ?" त्यांनी मान हलवली. "थे नाही जमत मले."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आली हाक. "अजी…"

मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली ओठ थरथरले, गरम. पुन्हा हाक आली, आता रडवेली. "अजी, ऐकता का…" त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या बोटांवर उतरलं. मी हात काढला नाही. ओठ हळूहळू स्थिर झाले.

आणि स्वयंपाकघरातूनच कोणी तरी म्हणालं, "ओ."

आवाज गोपाळरावांचा होता.

माझ्या हाताखाली त्यांचा गाल निवत गेला. तो ताप पुन्हा आला नाही. ते जेवतात, अंगावर मांस धरलंय, डॉक्टर खूश आहेत. काल त्यांच्या शेजारी बसून मी सहज हाक मारली. ते हसले, माझा हात हातात घेऊन दाबला.

ओ मात्र स्वयंपाकघरातून आली.