अर्धं पान

सुलतानबी खाला मशीनवर बसली की शिट्टी वाजवते. लातूरच्या गंजगोलाईमागच्या बोळात मी कितीतरी वर्षं तिच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकते, तरी पहिल्या दिवशी दचकले होते तशी आजही जराशी दचकते. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावरून घट्ट ओढणी, आणि ओठांतून पाच-सहा सुरांचा तुकडा. सूर वर चढतात, आणखी चढतात आणि मधेच तुटतात. जिना चढता चढता कुणी थबकावं तसे.

"याच्या पुढचं काय?" मी एकदा विचारलं.

"पुढचं नाही, बाई. आमच्यात इतकंच येतं. अम्मीनं मला शिकवलं, नानीनं अम्मीला. लेकरू निजवायचं तर या शिट्टीनं. दुसरी कुठली वाजवली असती तर अम्मीनं थोबाड फोडलं असतं!"

शिट्टी कप्तानसाबची होती. खालाच्या नानीचा तो बाप. मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या छावणीत घोडदळावरचा गोरा अंमलदार. उदगीरच्या चाँदबीशी त्यानं रीतसर निकाह लावला होता. चाँदबी बाळंतपणाला माहेरी गेली, "बाळ होण्याआधी येतो," असं तो म्हणाला आणि आलाच नाही. मुलगी झाली. तिचे डोळे करडे होते. तेच करडे डोळे आज खालाच्या चष्म्याआडून सुईत दोरा ओवतात.

एवढ्या जुन्या गोष्टीनं आता कुणाचं काय बिघडावं? पण तूबाच्या, म्हणजे खालाच्या नातीच्या मंगनीत मुलाची आत्या भर बायकांत बोलून गेली, "गोऱ्यानं टाकलेलीचं घर आहे हे. बायका टिकवून धरता येत नाहीत यांना." तूबा घरी येऊन रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "नानी, खरंच टाकलं होतं का त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी खालानं माझा ब्लाऊज हातात दिला आणि शिलाई घेतली नाही. "तुम्ही कालेजात इतिहास शिकवता ना? शोधा मग. मेला असंल तर मेला म्हणा, पळाला असंल तर पळाला म्हणा. पोरीला एक काहीतरी सांगून मरू द्या मला."

मी शोधलं. ॲम्ब्रोज हॅलेट. एका पाद्र्याचा मुलगा, तीन बहिणींमागचा धाकटा भाऊ. छावणीच्या कागदांत एका हिवाळ्यापर्यंत नाव दिसतं, मग दिसत नाही. थडगं कुठंच नाही. बहिणीच्या वंशातल्या एक म्हाताऱ्या बाई विलायतेत सापडल्या. फोनवर त्या म्हणाल्या की त्यांच्या घरात वेगळंच सांगतात. ॲम्ब्रोज हिंदुस्थानातल्या बायकोत रमला आणि आईला विसरला. आई त्याच्यावर रुसूनच गेली.

म्हणजे इकडच्यांना वाटत होतं तो तिकडे गेला. तिकडच्यांना वाटत होतं तो इकडे राहिला. दोन घरांनी एकाच माणसावर दोन बाजूंनी राग धरला होता, आणि माणूस दोन्हीकडे नव्हता.

मी हात टेकले. खालाला तसं सांगायचं धाडस मात्र होईना.

अशात येळवस आली. आमच्याकडे वेळ अमावास्येला शहरात कुत्रंसुद्धा उरत नाही. सगळं लातूर कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला असतं. कॉलेजातल्या दयानंद सरांचं शेत शिरूर अनंतपाळच्या पुढं आहे. खालाला आंबील फार आवडते, म्हणून तिला बरोबर घेतलं. तिचं मन जरा दुसरीकडे लागावं, एवढाच माझा हेतू होता.

काळ्या रानात ज्वारी छातीला लागत होती. कडब्याची कोप उभी केली होती, आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव मांडले होते. शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा, तिळाच्या पोळ्यांचा वास सगळ्या शिवारात भरला होता. माठातली आंबील गार आणि आंबटसर. खालानं दोन गडवे रिचवले.

"दमानं, आजी," दयानंद सरांची आई शिवकांताकाकू हसल्या. "दुपारी झोप लागंल, मग ज्वारीत हुडकावं लागंल तुम्हाला."

पंगत बसायच्या आधी काकूंनी एक भरलेली पत्रावळ उचलली, आंबिलीचं बोळकं घेतलं आणि बांधावरच्या बाभळीकडे निघाल्या. तिथं दगडांचा एक बुटका ढीग होता. पान मांडता मांडता त्या गुणगुणत होत्या. जात्यावरची चाल, पण शब्द मी कधी न ऐकलेले.

*येळवशीच्या दुपारी, पाव्हणा आला घोड्यावरी*
*अर्धं पान ठेवूनिया, निजला माझ्या बांधावरी*

"हे कुणाचं पान?" मी विचारलं.

"पाव्हण्याचं," म्हणत काकू पंगतीकडे वळल्या. दयानंद सर ओशाळून हसले. "जुनी पद्धत आहे, मॅडम. संध्याकाळपर्यंत पान रिकामं होतं. कुत्री खातात."

"कुत्री!" काकू तिथूनच म्हणाल्या. "पान खाऊन घडी घालून ठिवतंय व्हय रं कुत्रं? तुमच्या कालिजातली घालत असतील!"

सगळे हसले. कोपीच्या दाराशी बसलेले धोंडप्पा आजोबा तेवढे हसले नाहीत.

"आप्पा, कोण होता पाहुणा?" मी विचारलं.

"माझ्या पणज्याच्या येळवशीला आलता," आजोबा म्हणाले. "गोरा माणूस. तापानं फणफणलेला, घोड्यावर बसवत नव्हतं. येळवशीला बांधावर आलेल्याला उपाशी लावत न्हाईत, मग तो कुणी का असंना. पान वाढलं. आंबील पेला, अर्धं जेवला. म्हणला, 'इसाव्यापुरता पडतो, पान उचलू नका. उदगीरला जायचंय.' आडवा झाला त्यो झालाच. जेवायचं ऱ्हायलं ना त्याचं. म्हणून दरसाली पान."

खालाचा हात पोळीवर थांबला.

"उदगीरला?" ती म्हणाली.

"हाव. मुठीत तान्ह्या लेकराचे वाळे व्हते. चांदीचे. जीव गेला तरी मूठ उघडली न्हाई. पणजा म्हणला, पाव्हण्याची चीज हाय, आपण कशी घ्यावी? तसंच मातीत दिलं."

लांबच्या शेतात पोरं ओरडत होती.

"आणि शिट्टी वाजवायचा म्हणं," आजोबा पुढं म्हणाले. "तापात. जरा वाजवायचा आणि थांबायचा. कान देऊन बसायचा. पुढली शिट्टी कुणीतरी मारायची ऱ्हायली असल्यासारखा."

खाला उठली. मी हात द्यायला गेले तर तिनं तो बाजूला सारला. ढेकळांतून, चपला हातात घेऊन, ती बाभळीकडे चालत गेली. मी तिच्या मागं. दगडांपाशी पान भरलेलं होतं, बोळकं काठोकाठ होतं. हे मी नीट पाहिलं, कारण असल्या गोष्टी मी नीटच पाहते.

ती दगडांजवळ टेकली. ओढणी सावरली आणि शिट्टी वाजवली.

सूर चढले. चढले. तुटले.

वारा नव्हता. ज्वारीचं एक पातं हलत नव्हतं.

आणि मग ज्वारीतून पुढचं आलं.

खाली उतरणारे सूर. पायरी पायरीनं, हलके, अंगणात पोचेपर्यंत. कधी न ऐकलेले, तरी दुसरे कुठले असूच शकले नसते.

मी ज्वारीत शिरले. दहा-बारा पावलं गेले असेन. मातीत पाऊल नव्हतं, ज्वारीचं मोडलेलं धाट नव्हतं. एवढंच की तिथं आत, भर उन्हात, घोड्याच्या घामाचा वास होता.

परत आले तेव्हा खाला हसत होती. डोळे वाहत होते आणि ती हसत होती, जन्मभराचं ओझं उतरवल्यासारखी.

"टाकलं नव्हतं, बाई," ती म्हणाली. "येतच होते की ते. रस्त्यातच होते."

मी खाली पाहिलं. बोळकं रिकामं होतं. पत्रावळ मधोमध दुमडून ठेवली होती.

निघताना खाला पुन्हा दगडांपाशी गेली. सुनेला गाडीत बसवताना बोलावं तशा आवाजात म्हणाली, "चला."

मी विलायतेला फोन केला. म्हाताऱ्या बाईंना सांगितलं की तो कुणालाच विसरला नव्हता. त्या रडल्या, मग कितीदा तरी आभार मानत राहिल्या. खालानं तूबाच्या होणाऱ्या सासरी जाऊन त्या आत्याच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं. वाळ्यांपाशी आल्यावर आत्याच रडायला लागली. लग्न महिन्याभरात झालं. मलाही बरं वाटत होतं. शिट्टीचं म्हणाल तर शेजारच्या शेतात कुणी असेल, आणि खाला इतकी रडत होती की आंबील कुणी सांडली हे तिला कळलं नसेल. असं मी ठरवून टाकलं.

या येळवशीला मला जाता आलं नाही. संध्याकाळी शिवकांताकाकूंचा फोन आला.

"मॅडम, औंदा पान तसंच हाय. मुंगीसुद्धा लागली न्हाई. आमच्या हातून काय चुकलं का हो?"

काही चुकलं नाही म्हणून मी त्यांची समजूत घातली आणि खालाला फोन लावला.

"तसंच राहणार की," खाला हसली. आवाज कसा मोकळा, भरलेला. "घरात जेवायला मिळाल्यावर माणूस बाहेरचं कशाला खाईल?"

तिच्या हसण्यामागं, घराच्या आतल्या बाजूला, बारीक शिट्टी चालू होती. चढणारी नाही, उतरणारी.

"तूबा आलीय का?" मी विचारलं.

"आलीय ना बाळंतपणाला. मुलगी झाली, करड्या डोळ्यांची. दोघी आत्ताच झोपल्यात."

"मग खाला, शिट्टी कोण वाजवतंय?"

"हळू बोला, बाई," ती कुजबुजली. "लेकरू उठंल."