कोरी नळी

चुंबकत्व मोजायचं ते यंत्र खोलीभर मोठं, पण त्यात नमुना ठेवायला वापरतात सरबत प्यायची साधी प्लॅस्टिकची नळी. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात. संशोधनासाठी इथे आलेली तीही पहिल्या दिवशी हसली होती; सहा वर्षांनी आता नळी सरळ कापली जावी एवढीच तिला चिंता असे.

त्या दिवशी सकाळचे साडेदहा वाजले होते, टेबलावर ऊन आलं होतं. यंत्राची देखभाल करणारे काका यंत्र गारठवणाऱ्या हेलियमच्या टाकीचा काटा बघून म्हणाले, "ताई, दोन फेऱ्या होतील. तिसरीला मी हेलियम कुठून आणू?"

"दोनच हव्यात, काका. एक कोरी, एक भरलेली."

तशी शिस्तच होती. आधी रिकामी नळी मोजायची, मग तिच्यातच भुकटी भरून मोजायचं, आणि दुसऱ्या आकड्यांतून पहिले वजा करायचे. उरेल ते भुकटीचं. तिची भुकटी काजळासारखी काळी: कार्बनमध्ये रुतलेले नायोबियम कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्या शेजारी लोखंडाच्या कार्बाइडचे. पहिले गारठले की अतिवाहक होतात, चुंबकाला दारातही उभं करत नाहीत. दुसरे स्वतःच चुंबक. दोघांचं हाडवैर. ते एकत्र नांदतील असं म्हणणारी ती एकटीच, आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "या वेळी नाही दिसलं तर तुझा विषय बंद." सहा वर्षांत नीट जमलेली चिमूट ही एवढीच होती.

कोरी फेरी सुरू झाली. निरपेक्ष शून्याच्या वर वीस अंश, एकोणीस, अठरा. पडद्यावर सपाट रेघ यायला हवी होती. रेघ चुंबकासारखी वर चढत गेली, अकरा अंशांवर झपकन बुडाली. सात अंशांवर तिला एक टोकदार उचकी लागली. तीन अंशांवर ती शून्यावर आली आणि तिथेच राहिली, नळीत काहीच नसल्यासारखी.

"नळी मळकी आहे," ती म्हणाली.

"आत्ता तुमच्यासमोर पाकीट फोडलं की!" काकांना राग आला. "मी काय काजळ फासून दिली?"

दुसरी नळी मोजण्याइतकं हेलियम नव्हतं. तिने मनावर दगड ठेवून त्याच नळीत भुकटी भरली, दोन्ही बाजूंनी कापसाचे बोळे लावून वर चिकटपट्टी मारली आणि नळी आत सोडली.

रेघ चढू लागली. अकरा अंशांवर ती बुडाली.

तिचे डोळे भरून आले. दोघे नांदत होते, एकाच चिमटीत. "काका, बघा! अहो, बघा तरी!"

काका गर्रकन वळले. त्यांच्या हातातला पाना निसटून यंत्राच्या पायाशी आदळला आणि रेघेला उचकी लागली.

सात अंश.

तिने दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या. एकच दिसत होती. कोरी नळी मोजली तेव्हा पाना काकांच्या खिशात होता.

"वजा करून बघा," काका हळूच म्हणाले.

"केलं. शून्य येतंय."

सहा अंश. तिनावर काय होणार ते दोघांनाही ठाऊक होतं. काकांचं बोट बटणावर गेलं. "थांबवू? निदान चिमूट तरी वाचेल."

तिला भीती वाटायला हवी होती. पण लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा वाटलं होतं, तसं काहीतरी वाटत होतं.

"राहू द्या."

पाच. चार.

तीन.

रेघ शून्यावर आली.

काकांनी नळी अडकवलेला दांडा वर ओढला. बोळे जागच्या जागी होते, चिकटपट्टी तशीच. मधली नळी आरपार स्वच्छ. काळा ठिपकासुद्धा नाही. सरांना दाखवायला आता काहीच उरलं नव्हतं, आणि त्याचं तिला त्या क्षणी दुःखही झालं नाही.

काकांनी नळी तिच्या तळहातावर ठेवली आणि आपला हात पटकन मागे घेतला. इतक्या थंडीतून येऊनही तिच्यावर दव नव्हतं.

नळी कोमट होती, आत्ताच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखी.