वाकड्या सिगारची टोपी

हे घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, मी कोणाला पटवायला बसलेलो नाही.

मला हातानं वळलेल्या जुन्या सिगार जमवायचा नाद आहे. ओढत एकही नाही. लाकडी पेटीत ओला स्पंज ठेवून जपतो. नाद लावला मामांनी. चाळीस वर्षं ते कारखान्यात सिगार वळायचे. टोकाला पानाची गोल टोपी बसवताना बाकीचे डिंक लावायचे, मामा अंगठा जिभेवर ओला करायचे. मग सिगार टेबलावर दोनदा आपटायची. टक टक. झाली.

"बडे लोक तुमची थुंकी चघळतात," मामी चिडवायची.

हात थरथरायला लागल्यावर वळलेली शेवटची, वाकडी सिगार त्यांनी मला दिली.

पुढे मामा अंथरुणाला खिळले. म्हणाले, "ती आण रे एकदा. नुसती हातात धरतो."

त्या हातात ती मोडली असती... मी बोलून गेलो, "मामा, तिला कीड लागली."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मग जाळलीस ना? एकीला लागली की अख्खी पेटी जाते."

"हो," मी म्हणालो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

पुढचा रविवार. दुपारचे चार. घरात मी एकटा.

टक टक...

आवाज कपाटातून आला.

पेटी उघडली. स्पंज ठणठणीत कोरडा. आठवडाभर मी पाणीच घातलं नव्हतं.

पण वाकड्या सिगारची टोपी... ओली होती.

तेवढ्यात मामीचा फोन. "गेले रे. आत्ताच. शेवटी सारखा अंगठा जिभेला लावत होते. हवेत काहीतरी वळत होते."

महिन्याभरात पेटीतल्या सगळ्या सिगारना भोकं पडली. एकेकीचा भुसा झाला.

वाकडी तेवढी धड आहे.

परवा मामीपाशी सगळं कबूल केलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"त्यांना कळलं होतं," ती म्हणाली. "तू गेल्यावर म्हणाले, कीड लागली हे खरं. पण सिगारला नाही."

मग तिनं हात पुढे केला. "मला आणून दे. मी धरते थोडा वेळ."

"आणतो," म्हणालो.

अजून नेलेली नाही. चार वाजत आले की मी कपाटाकडे पाठ करून बसतो.