कपाटापलीकडचं इंग्रजी

शाळा सुटली की आमचा वर्ग किती निराळा दिसतो! बाकं रिकामी, फळ्यावर अर्धवट पुसलेली अक्षरं, आणि खिडकीतून आलेल्या तिरप्या उन्हात खडूची धूळ अशी तरंगत असते, जणू तिलाही घरी जायचं नाहीये.

त्या दिवशी मलाही नव्हतं जायचं. मी दार लोटलं, रिकाम्या बाकांसमोर उभी राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन. टुडे वुई विल… वुई विल टॉकिंग…"

"टॉक," कपाटामागून आवाज आला. "वुई विल टॉक."

माझ्या हातातला खडू खाली पडला.

आमच्या लांबलचक खोलीचे एका मोठ्या लाकडी कपाटाने दोन भाग केलेत. अलीकडे माझा दुसरीचा वर्ग, पलीकडे अडगळ. त्या अडगळीतून एक उंच माणूस उभा राहिला. एका हातात सुई-दोरा, दुसऱ्या हातात हिरव्या मोज्याचं अर्धवट शिवलेलं कासव.

"माफ करा हं. मी नवा… मुलांना इंग्रजी बोलायला शिकवणार आहे. बसायला ही जागा दिलीय मला. आधीच खोकणार होतो, पण तुम्ही इतकं गोड गुड मॉर्निंग म्हणालात की खोकायचं राहूनच गेलं."

"चेष्टा करताय?"

"छे हो. इथं आल्यापासून माझ्याशी इतक्या प्रेमानं कुणी बोललंच नाही."

"मी बाकांशी बोलत होते."

"बाकांचं नशीब!" तो म्हणाला आणि हसला. मीही हसले असते, पण लाजेनं कान तापले होते.

कारण तसंच होतं. वाचायला-लिहायला शिकवण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. 'क… अ‍ॅ… ट' असे आवाज जोडत जोडत मुलांचा 'कॅट' झाला की मला ते मांजर खरंच वर्गात उडी मारून आल्यासारखं वाटायचं. पण बोलायचं म्हटलं की… शब्द सगळे आत असायचे, दारापर्यंत यायचे आणि चप्पल सापडत नसल्यासारखे घुटमळायचे.

त्याचं उलटं. बोलणं पाण्यासारखं, आणि फळ्यावरचं अक्षर? कोंबडीनं पाय झाडल्यासारखं! त्याचा 'बी' कधी 'डी' व्हायचा आणि मुलं पोट धरून हसायची. मुलांनी त्याचं नाव कासवसर ठेवलं, कारण त्यांच्या हातात घातलेलं ते मोज्याचं कासव फक्त इंग्रजीच बोलायचं आणि सरही मुलांशी एकेक शब्द सावकाश, चघळल्यासारखा उच्चारायचे.

"सौदा करू या," तो एकदा म्हणाला. "शाळा सुटल्यावर थोडा वेळ तुम्ही माझं अक्षर वळवा. मी तुमचं बोलणं. पण त्या वेळात मराठी बंद."

"आणि मला शब्द सुचला नाही तर?"

"तर नुसतं बघायचं. मी ओळखीन."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. मी फळ्यावर चार रेघा आखायची, तो लहान मुलासारखा जीभ बाहेर काढून 'बी' गिरवायचा. त्याचा हात भलतीकडे गेला की मी मनगटाला नुसतं बोट लावायची… आणि मग बराच वेळ ते बोट मला माझं वाटायचं नाही.

एक गंमत माझ्या लक्षात आली. मराठीत मी कशी आडवळणानं बोलते! 'राग आला का?' विचारलं तर 'मला काय करायचंय' म्हणते. इंग्रजीत आडवळणं मला येतच नव्हती. होती ती दुसरीच्या मुलांची वाक्यं, सरळ आणि उघडी.

"आर यू टायर्ड?" तो विचारायचा.

"नो. आय अ‍ॅम हॅपी."

"व्हाय?"

मी नुसतं बघायची. तो ओळखायचा की नाही, कोण जाणे. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

"हल्ली उशीर फार होतो तुला," आई म्हणायची.

"शिकतेय."

"एवढी खूश होऊन कुणी शिकतं होय!" आई भाजी चिरता चिरता पुटपुटायची.

मग एके दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "येत्या आठवड्यात पालकांसमोर बोलण्याचा तास तुम्ही घ्या. चांगला झाला तर पुढच्या सत्रापासून तो तास तुमचाच. बाहेरून शिक्षक बोलवायला नको."

"म्हणजे… सर?"

"ते तात्पुरतेच आहेत. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे की."

म्हणजे मी बोलायला शिकले की हा जाणार! आणि हे ठाऊक असूनही तो मला रोज शिकवत होता?

रात्रभर कुशी बदलल्या. सकाळी वेणी घालताना ठरवून टाकलं… अडखळायचं. सगळ्यांसमोर, पार फजिती होईपर्यंत अडखळायचं. हसू देत लोकांना. तो तर राहील!

पालक मागे दाटीवाटीनं बसले होते. तो दाराशी उभा होता. खेळ साधा होता: खिशातली वस्तू काढायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. कुणी बटण काढलं, कुणी गोटी. मी घसा खाकरला, ठरल्याप्रमाणे चुकीचं वाक्य जिभेवर आणलं…

तेवढ्यात बिट्टी उभी राहिली.

बिट्टी म्हणजे आमच्या वर्गातली मुखदुर्बळ पोर. हजेरीलाही फक्त मान हलवायची. आज तिनं मूठ पुढे केली होती आणि तिचे ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. तिचे डोळे माझ्यावर खिळलेले. ती वाट बघत होती, आधी मी बोलण्याची.

आता मी अडखळले तर ही पुन्हा कधी तोंड उघडेल?

मी गुडघ्यांवर बसले. "व्हॉट डू यू हॅव, बिट्टी?"

"आय… आय हॅव… अ टूथ."

मूठ उघडली. तळहातावर तांदळाएवढा दुधाचा दात!

"ओह! व्हेअर डिड यू गेट इट?"

"फ्रॉम माय माउथ!"

सगळा वर्ग खदखदून हसला, आणि सगळ्यात जास्त बिट्टीच, पडलेल्या दाताची खिडकी दाखवत. मग मी बोलतच सुटले. दाताला विचारलं, जिभेला विचारलं, पालकांनाही विचारलं. चुकले असेन, पण थांबले नाही. दाराशी कुणीतरी सगळ्यांत मोठ्यांदा टाळ्या वाजवत होतं. त्या कुणाच्या, ते बघायची हिंमत मला झाली नाही.

सगळे गेल्यावर मी कपाटापलीकडे गेले. तो पिशवी भरत होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "मग मला शिकवलंत कशाला? स्वतःच्याच पायावर धोंडा…"

"रोज थोडा वेळ तुम्ही फक्त माझ्याशी बोलायच्या," तो पिशवीकडेच बघत म्हणाला. "तेवढ्यासाठी कुणीही धोंडा मारून घेईल."

"आता कुठे जाणार?"

"नदीपलीकडच्या शाळेत. दोन बस बदलून."

बाहेर पानं सळसळली. माझे शब्द दारापर्यंत आले आणि या वेळी घुटमळले नाहीत.

"आमच्या घरी चला. आईला भेटा."

"कशासाठी?"

"लग्नाचं बोलायला."

तो मटकन खाली बसला. "लग्न… कुणाचं?"

"मोठ्या बाईंचं!"

तो हळूच म्हणाला, "हे मी विचारणार होतो. बसमध्ये रोज वाक्य जुळवायचो. जुळेपर्यंत थांबा यायचा."

"मग? येताय ना?"

"आत्ता?"

"आत्ता."

वाटेत उन्हं उतरली होती, रस्ताभर पिवळी पानं भिरभिरत होती, आणि गर्दीच्या वळणावर त्यानं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

आईनं दार उघडलं. हात कणकेचे. तिनं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तो इतका उंच, की तिला बराच वेळ लागला. मग आमच्या हातांकडे पाहिलं.

"बूट आत काढा," आई म्हणाली. "बाहेर ठेवलेत तर कुत्रं पळवेल. मग जाल कसे?"

आणि आत वळता वळता पुढे म्हणाली, "तशी आज जायची घाई नाहीच म्हणा."