सातवर संपणारी संख्या

गणिती कोष्टकांच्या छापखान्यात बाईंचं टेबल खिडकीशी होतं. मूळ संख्यांच्या यादीतली प्रत्येक संख्या लहान संख्यांनी भागून बघायची आणि दर वेळी बाकी उरते ना, याची खात्री करायची, हे त्यांचं काम. त्यांच्या पाठीला पाठ लावून बुवा बसत आणि त्याच संख्या भागत. संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या कागदाकडे बघायचं नाही, हा तिथला दंडक होता.

त्या दिवशीची संख्या बारा आकडी होती, शेवटी सात. दोनने भागणं हा निव्वळ उपचार, पण बाई शिस्तीच्या. त्यांनी भागलं. बाकी शून्य आली.

काहीतरी नजरचूक, म्हणून त्यांनी पुन्हा भागलं. शून्य. मग तीनने भागलं. आकड्यांची बेरीज एकेचाळीस, म्हणजे तीनने भाग जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरी गेला. पाचनेही गेला. ताळा करायला त्यांनी दोनने आलेला भागाकार दुप्पट केला. शेवटी सात आले.

बाईंच्या थोरल्या बहिणीचं दुखणं असंच सुरू झालं होतं. आधी साध्या वजाबाक्या चुकल्या, मग घरचा पत्ता विसरली, आता तर पोटच्या मुलीला ओळखत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी धरलं होतं तिला. बाईंना सत्तेचाळिसावं गेल्याच महिन्यात लागलं होतं.

त्यांनी बहिणीच्या मुलीचं नाव आठवून पाहिलं. आठवलं. घरचा पत्ता आठवला. त्यांनी सातने, अकराने, तेराने भागलं. सगळीकडे शून्य. पेन्सिल घामाने निसटायला लागली. मागे बुवांचा कागद बराच वेळ वाजला नव्हता.

"बुवा, जरा वळता का?"

"अजून संध्याकाळ झालेली नाही, बाई."

"वळा. माझं डोकं ठिकाणावर आहे का, तेवढं सांगा."

बुवा वळले. त्यांनी कागद हाताने झाकला होता. हात बाजूला केला, तर खाली शून्यांची रांग होती. आपलंच काहीतरी बिघडलंय असं समजून गप्प बसलो होतो, असं ते हळूच म्हणाले.

बाईंना हायसं वाटलं. डोळेच भरून आले. पण क्षणभरच.

चुकायला जागाच नको, असं काहीतरी करून बघू, असं बुवांनी सुचवलं. त्यांनी डबीतून टाचण्या काढून बाईंच्या टेबलावर ठेवल्या. मोजून सात.

एक बाईंपुढे, एक स्वतःपुढे, अशा त्या वाटत गेले. संपल्या.

बाईंनी आपल्या मोजल्या. तीन.

बुवांनी मोजल्या. तीन.

मधे टेबल मोकळं होतं. त्यांनी खाली वाकून जमीनही पाहिली.

"तुमचं डोकं शाबूत आहे, बाई," बुवा म्हणाले.

आपण आजारीच असतो तर किती बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. त्यांनी दोन्ही वाटे एकत्र केले आणि एकेक टाचणी बोटाने सरकवत मोजलं.

सात.