बाकीचं साइटवर

"शेवटचं कोण?" पावाच्या रांगेशी येऊन इदाल्मिसनं विचारलं.

"मी." बागेच्या बाकावरच्या एका उंच तरुणानं हात वर केला.

"मग तुमच्यामागे मी." तिनं त्याचा चेहरा नीट पाहून ठेवला, हिबारा गावात रांग पायांनी नाही, चेहऱ्यांनी धरतात. मग ती त्याच्याच शेजारी सावलीत टेकली. समुद्रावरचं खारं वारं केस विस्कटत होतं. फोनकडे बघून तिनं उसासा टाकला.

"नेट गेलं?"

"घरी असतंच कुठे? इथं बागेत येऊन नव्या लेखांचं फीड फोनवर उतरवून नेते. त्यात खेकड्यांच्या वाटेची एक गोष्ट येते, क्रमशः. झेनाईदा मावशीला दिसत नाही, तिला वाचून दाखवते. आधी अख्खा भाग यायचा. आता चार ओळी, आणि खाली — बाकीचं साइटवर वाचा. साइट या नेटवर उघडता उघडत नाही. लेखक कंजूष आहे मेला."

"कंजूष नसेल..." तो चपलेकडे पाहत म्हणाला. "अख्खं दिलं की साइटवर कुणी फिरकत नाही. कुणी वाचतं का, हेच त्याला कळत नाही."

"तुम्हाला बरं माहीत."

त्याचे कान लाल झाले. "तो... मीच. ओस्निएल."

इदाल्मिस जराही ओशाळली नाही. "बरं झालं, सापडलात. आम्ही दोघी वाचतो. आता गोष्ट पुरी द्या."

"दिली, आणि तुम्ही वाचलीत — हे मला कसं कळायचं?"

"आमच्या ओसरीवर या. चर्चमागचं निळं दार. मावशी कुठे हसते ते स्वतःच ऐका."

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. तिनंही नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी भाग अख्खा उतरला. संध्याकाळी मेरीमातेपुढे मेणबत्ती लावून इदाल्मिस ओसरीवरच्या बाकावर वाचायला बसली. खेकड्यांनी रस्ता अडवला तिथे मावशी खळखळून हसली — आणि पायरीखाली आणखी कुणीतरी हसलं.

हातात गरम पाव घेऊन ओस्निएल उभा होता. तो हळूच म्हणाला, "इथं... शेवटचं कोण?"

"इथं रांग नाही," इदाल्मिस म्हणाली. "तू पहिलाच."

कालचं 'तुम्ही' आज कुठे गेलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"मुली, थांबलीस का? वाच ना," मावशी म्हणाली.

इदाल्मिसनं सरकून बाकावर जागा केली आणि फोन त्याच्या हातात दिला.

"बाकीचं आता हाच वाचेल, मावशी. रोज."